फक्कीवरचा चेंडू

बेसबॉलच्या पंचाने 'फेअर' हा शब्द तोंडातून काढायचा नसतो. चेंडू हद्दीत असेल तर हात लांब करून मैदानाकडे बोट दाखवायचं आणि गप्प राहायचं. हद्दीबाहेर असेल तर मात्र दोन्ही हात वर करून, पार्किंगमधल्या गाड्यांपर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडायचं, 'फाऊल!' यामागे काही मोठं तत्त्वज्ञान नाही. दोन्ही शब्द 'फ'नेच सुरू होतात. पहिल्या बेसकडे जीव खाऊन पळणाऱ्या पोराच्या कानात त्या गदारोळात नुसता 'फ' शिरला तर तो थबकेल, आणि थबकला की बाद. म्हणून दोनांपैकी एकाच निकालाला आवाज दिलेला आहे.

साताऱ्यातल्या आमच्या घरात बायकांचा आवाज माजघराबाहेर आला तर आजी काही बोलायची नाही, नुसती बघायची. त्या नजरेखाली वाढलेल्या बाईला चाळिशीत ओरडायला शिकावं लागलं. इथे न्यू जर्सीत मार्च महिन्यात, बाहेर बर्फाचे ढीग तसेच असताना, शाळांच्या जिममध्ये पंचांचं प्रशिक्षण चालतं. आम्हा नवशिक्यांना रांगेत उभं केलं होतं. डाव्या हाताने मास्क काढायचा, दोन्ही हात वर, आणि 'फाऊल'. पुन्हा. पुन्हा. शिकवणारे गृहस्थ निवृत्त पोस्टमन होते. माझं 'फाऊल' ऐकून म्हणाले, "तुम्ही निकाल देत नाही आहात, परवानगी मागताय." शाळेत मी खो-खो खेळायचे. 'खो' देताना बेंबीच्या देठापासून निघायचा तो आवाज कुठेतरी शिल्लक होता, तो हुडकून काढला.

या पंचगिरीत मी शिरले ती मुलामुळे. तो लिटल लीगमध्ये खेळायचा आणि मी धावफलक लिहायचे. औषधांच्या कंपनीत कागदपत्रं तपासण्याचं माझं काम, त्यामुळे रकाने भरायचा कंटाळा नव्हता. लिटल लीगचा पंच म्हणजे बहुतेक वेळा कुणाचा तरी बाप किंवा आई, बिनपैशाचा. एका शनिवारी कुणीच आलं नाही. नियम कुणाला माहीत आहेत, अशी विचारणा झाली तेव्हा सगळ्यांनी माझ्या वहीकडे पाहिलं. पुढे मुलगा बेसबॉल सोडून शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायला लागला. मी मात्र राहिले. परीक्षा देऊन हायस्कूलचे सामने करू लागले, आणि आता एप्रिल-मे महिन्यांत ऑफिस सुटलं की गाडीच्या डिकीतून शिनगार्ड, छातीचं कवच आणि पोलादी टोकाचे बूट काढणं हा माझा दिनक्रम आहे. मैदानावर मला नाव नसतं. इथे पंचाला त्याच्या शर्टाच्या रंगावरून 'ब्लू' म्हणतात. "काय हो ब्लू, डोळे घरी विसरलात का?" हे मी प्रशिक्षकांकडून, आयांकडून आणि एका आजोबांकडून ऐकलेलं आहे.

पंचाचं सगळ्यात जास्त वेळा येणारं काम म्हणजे स्ट्राइक की बॉल हे सांगणं, आणि भांडणंही त्यावरच जास्त. पण ज्या चौकटीतून चेंडू गेला की स्ट्राइक, ती हवेत असते, प्रत्येक बॅटरच्या उंचीप्रमाणे खाली-वर होते. तिथे मतभेद होणारच. मला जास्त नवल वाटतं ते फेअर-फाऊलचं. इथे तर जमिनीवर ढळढळीत फक्की मारलेली आहे. तरीही लोक भांडतात. बऱ्याचदा त्यांचे डोळे ठीक असतात, पण ते भलत्याच जागी आणि भलत्याच क्षणी बघत असतात.

रेघेपासून सुरुवात करते. होम प्लेट पंचकोनी असते, पिचरकडची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडची तिची बाजू १७ इंच. तिच्या मागच्या टोकातून दोन रेघा काटकोनात निघतात. एक पहिल्या बेसच्या कडेने जाते, दुसरी तिसऱ्या बेसच्या, आणि दोन्ही थेट कुंपणाजवळच्या उंच खांबांना भिडतात. होम प्लेट संपूर्ण आतल्या बाजूला, म्हणजे फेअर जमिनीवर आहे. पहिला आणि तिसरा बेसही आतच आहे. रेघ स्वतः फेअर, खांबही फेअर. चेंडूचा जरासा भाग रेघेच्या वर आला तरी तो फेअर. थोडक्यात, फक्की मारणाऱ्याच्या बाजूची आहे. क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. आपल्याकडे क्रीजची रेघ फलंदाजाला साथ देत नाही. बॅट रेघेवर आहे पण पलीकडे पोचली नाही, तर धावबाद.

बाबा इथे आले होते तेव्हा त्यांना मी एका सामन्याला नेलं. गावसकरांच्या काळापासून क्रिकेट बघणारा माणूस. बॅटला निसटता लागून चेंडू कॅचरच्या मागच्या जाळीवर गेला, तेव्हा ते सवयीने टाळ्या वाजवायला उठले. चेंडू मागे गेला तर काहीच मिळत नाही, उलट दोन स्ट्राइक होईपर्यंतचे फाऊल स्ट्राइक म्हणून बॅटरच्याच खात्यात जमा होतात, हे कळल्यावर ते खट्टू झाले. "म्हणजे लेट कट नाही, लेग ग्लान्स नाही. पाव मैदानात कसलं खेळायचं गं?" मी म्हटलं, बाबा, हा हिशेब पावणेदोनशे वर्षं जुना आहे. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ साली नियम लिहून काढले, त्यातच पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या टप्प्याबाहेर गेलेला चेंडू फाऊल ठरवलेला आहे. हडसन नदीच्या अलीकडे, आमच्या न्यू जर्सीतल्या होबोकेन गावात एलिझियन फील्ड्स नावाचं मैदान होतं. १९ जून १८४६ ला निकरबॉकर तिथे न्यूयॉर्कच्या दुसऱ्या एका चमूशी खेळले. आता तिथे मैदान नाही, वॉशिंग्टन स्ट्रीट आणि अकराव्या रस्त्याच्या चौकात स्मारकाच्या खुणा आहेत. बाबांना मी तिथेही नेलं. ज्यांनी नियम लिहिले तेच तो सामना २३-१ ने हरले, हे ऐकून मात्र त्यांचं समाधान झालं.

आता निकाल कसा द्यायचा. पुस्तकात फेअर चेंडूची व्याख्या एका लांबलचक वाक्यात आहे. ती पाठ करून उपयोग नसतो. मी ती डोक्यात जागांप्रमाणे बसवली आहे. बेसच्या अलीकडे चेंडू कुठे पडला याला महत्त्व नाही. तो कुठे थांबला, किंवा कुणाचा हात लागला तेव्हा कुठे होता, ते बघायचं. आत पडून बाहेर गेला तर फाऊल, बाहेर पडून आत आला तर फेअर. बेसच्या पलीकडे नेमकं उलट. तिथे पहिल्यांदा जमिनीला टेकला तीच जागा खरी, नंतर तो वळून चौकातल्या दुकानात गेला तरी चालेल. आणि ऐन बेसपाशी, टप्पे घेत जाणारा चेंडू बेस ओलांडतो त्या क्षणी आत होता की बाहेर, एवढंच. बेसलाच लागला तर प्रश्नच मिटला, तो फेअर.

भांडणं होतात ती या शेवटच्या प्रकारावर. बॅटरने चेंडू खाली ठोकला, तो उंच उसळला, तिसऱ्या बेसच्या बरोबर डोक्यावरून गेला आणि मग पलीकडे रेघेबाहेर हातभर अंतरावर पडला. तिसऱ्या बेसच्या बाजूला खुर्च्या मांडून बसलेल्या प्रत्येक पालकाने तो कुठे पडला ते पाहिलेलं असतं. मातीत खड्डाही दिसत असतो. मी मात्र मैदानाकडे बोट दाखवून गप्प उभी. मग आरडाओरडा. त्यांनी पाहिलं ते खरंच असतं, पण निकाल चेंडू पडण्याच्या आधी लागलेला असतो. बेसवर चेंडू हवेत होता तेव्हा तो रेघेच्या कुठल्या बाजूला होता, हे कळण्यासाठी रेघेच्या सरळ रेषेत डोळे असावे लागतात, आणि तशी जागा मैदानात फार थोड्यांना मिळते.

गैरसमज म्हणाल तर डझनभर. चेंडू होम प्लेटला लागला म्हणजे फाऊल, असं मोठमोठे प्रशिक्षक शपथेवर सांगतात. प्लेट फेअर जमिनीवर आहे, तिला लागणं म्हणजे मातीला लागणं. दुसरा गैरसमज खेळाडूच्या पायांचा. क्षेत्ररक्षक रेघेबाहेर उभा होता म्हणून फाऊल, असं नाही. त्याचे पाय कुठेही असोत, हात लागला तेव्हा चेंडू कुणाच्या जमिनीवर होता, ते बघायचं. बॅटर अजून आपल्या चौकटीत असताना चेंडू त्याच्याच पायाला लागला तर फाऊल. इथे थोडी नाटकंही चालतात. मोठी पोरं, चेंडू आपल्याला लागला नसला तरी, घोटा धरून लंगडी घालतात, कारण फाऊल झाला तर आणखी एक संधी मिळते. खरं लागलेलं पोर आधी ओरडतं आणि मग लंगडतं. नाटक करणारं आधी माझ्याकडे बघतं.

बेसच्या अलीकडचा हा 'जिथे थांबला तिथे' नियम पहिल्यापासून असा नव्हता. १८७०च्या दशकात चेंडू आत टेकला की काम झालं, मग तो कुठेही जावो. तेव्हाच्या हुशार बॅटर्सनी याचं तंत्र बसवलं. चेंडू प्लेटसमोर आत टेकवायचा आणि असा फिरवायचा की तो रेघेबाहेर दूर पळेल. क्षेत्ररक्षक शोधेपर्यंत बॅटर बेसवर. शिकागोच्या रॉस बार्न्सला हे इतकं साधलं होतं की नॅशनल लीगच्या पहिल्याच, १८७६ च्या मोसमात त्याची सरासरी .४२९ होती. पुढच्या वर्षी नियम बदलला आणि तो .२७२ वर आला. तो त्या वर्षी आजारीही होता, त्यामुळे सगळं खापर नियमावर फोडणं बरोबर नाही. तरी मला त्या पंचांचा हेवा वाटतो. आत टेकला का ते बघायचं आणि मोकळं व्हायचं. थांबून राहण्याची शिक्षा आमच्या वाट्याला आली. दोन स्ट्राइक होईपर्यंत फाऊल स्ट्राइक म्हणून मोजायचे हा नियमही नंतरचा, नॅशनल लीगने १९०१ मध्ये आणि अमेरिकन लीगने १९०३ मध्ये आणलेला. त्याआधी चिवट बॅटर एकामागून एक चेंडू बाहेर टोलवून पिचरला रडकुंडीला आणत.

ही थांबण्याची शिक्षा कळते ती बंटच्या वेळी. बॅटरने बॅट नुसती आडवी धरली आणि चेंडू तिसऱ्या बेसच्या रेघेवरून मुंगीच्या पावलाने निघाला. बॅटर पहिल्या बेसवर पोचलेला आहे. कॅचर, पिचर आणि तिसऱ्या बेसचा खेळाडू, तिघेही चेंडूभोवती वाकून उभे. हात कुणीच लावत नाही, कारण तो बाहेर गेला तर सगळं फुकट जाईल आणि आत असताना उचलला तर बॅटरचं फावेल. मी रेघ दोन पायांत घेऊन, कंबरेत वाकून त्यांच्या मागे. चेंडू फक्कीवर येतो, जरा बाहेर झुकतो, खड्याला लागून परत आत येतो. या सगळ्या वेळात निकाल झालेला नसतो. चेंडू पूर्ण बाहेर दिसला की गळ्यापर्यंत 'फाऊल' येतं, ते गिळावं लागतं. सराईत कॅचर तो बाहेर गेल्या क्षणी हाताने उडवून लावतो, म्हणजे परत यायची भानगडच नको. कच्चा कॅचर बघत बसतो.

१९८१ च्या २७ मे रोजी सिएटलच्या किंगडोममध्ये असाच चेंडू चालला होता. मारणारा कॅन्सस सिटीचा एमॉस ओटिस. सिएटलचा तिसऱ्या बेसचा खेळाडू लेनी रँडल चक्क हात-गुडघे टेकून जमिनीवर पडला आणि चेंडूवर फुंकर मारू लागला. चेंडू बाहेर गेलाही. पंचाने आधी फाऊल दिला, कॅन्सस सिटीच्या व्यवस्थापकाने हरकत घेतल्यावर तो बदलून बॅटरला बेस बहाल केला. रँडलचं म्हणणं, मी फुंकलं नाही, चेंडूशी बोलत होतो. त्याची चित्रफीत इथल्या प्रत्येक पोराने पाहिली आहे. माझ्या एका सामन्यात दहा वर्षांच्या एकाने तोच प्रयोग केला. स्वतःच्याच फुंकरीने त्याच्या डोळ्यांत फक्की गेली आणि खेळ थांबवून पाण्याची बाटली आणावी लागली.

रेघेवर लोक अशी किती तऱ्हांची कारागिरी करतात! १९५०च्या दशकात फिलाडेल्फियाचा रिची अ‍ॅशबर्न बंट मारण्यात पटाईत होता. त्याच्या मैदानाच्या माळ्यांनी तिसऱ्या बेसची रेघ आतल्या बाजूला उतरती ठेवली, म्हणजे त्याचे बंट बाहेर जाऊ नयेत. तिला अ‍ॅशबर्नची कड म्हणत. आमच्या शाळांच्या मैदानांवर एवढी योजना कुणी करत नाही, तिथला उतार पावसाने केलेला असतो. म्हणून सामन्याआधी मी दोन्ही रेघांवरून एकदा चालते. फक्कीचं यंत्र बहुधा कुणा उत्साही बापाच्या हातात दिलेलं असतं, आणि तो बोलता बोलता चालतो. एकदा तर रेघ तिसऱ्या बेसच्या कडेला न लागता वीतभर बाजूने निघून गेली होती. अशा वेळी दोन्ही प्रशिक्षकांना प्लेटजवळ बोलावून आधीच ठरवून टाकायचं. सामना सुरू झाल्यावर ठरवायला गेलं की ज्याला सोयीचं नाही तो ऐकत नाही.

फक्की मोठी सोबतीण असते. चेंडू तिच्यावर आदळला की पांढरा धुरळा उडतो आणि दोन्ही बाजूंची तोंडं आपोआप बंद होतात. पण ती मातीपुरती. पुढे गवत लागतं तिथे रंगाची रेघ असते, तिच्यातून काही उडत नाही. आणि प्लेटजवळची फक्की चौथ्या-पाचव्या डावापर्यंत बॅटर्सच्या बुटांनी पार पुसली जाते. पाऊस शिंतडला तर तिचा लगदा होतो. मग माझ्याकडे उरतं प्लेटचं मागचं टोक आणि बेसची बाहेरची कड. या दोन्हींच्या मध्ये एक सुतळी ताणलेली आहे, असं मनाशी धरून उभं राहायचं.

उभं कुठे राहायचं हे ठरलेलं असतं. मोठ्या लीगमध्ये चार पंच असतात, आमच्याकडे दोन, छोट्या मुलांच्या सामन्याला एकच. दोघं असलो आणि बेसवर कुणी धावपटू नसेल, तर जोडीदार पहिल्या बेसमागे रेघेलगत असतो. बेस आणि त्यापलीकडची ती रेघ त्याची, अलीकडची माझी, तिसऱ्या बेसची रेघ शेवटपर्यंत माझी. बेसवर कुणी आलं की जोडीदार आत मैदानात सरकतो आणि दोन्ही रेघा माझ्या गळ्यात पडतात. हे सामन्याआधी दोघांनी तोंडाने बोलून घ्यायचं, वीस वर्षांची जोडी असली तरी. कारण सगळ्यात वाईट दृश्य कोणतं, तर एकाच चेंडूवर एका पंचाचं बोट मैदानाकडे आणि दुसऱ्याचे दोन्ही हात वर.

आणि हात वर गेले की चेंडू मेला. फाऊल म्हटल्या क्षणी सगळे थांबतात, धावपटू मागे फिरतात, क्षेत्ररक्षक खांदे पाडतो. नंतर चूक उमगली तरी तो धावपटू कुठवर पोचला असता, हे कुणी सांगायचं? उलट चुकून फेअर दिला तर खेळ पुढे चालू राहतो आणि नंतर धावपटूंना जागेवर परत पाठवता येतं. म्हणून शंका आली तरी तोंड उघडायची घाई नाही. हवेत उडालेल्या चेंडूला तर अजिबातच नाही. तो रेघेबाहेर झेलला तरी बॅटर बाद असतो, त्यामुळे जमिनीला लागेपर्यंत 'फाऊल' म्हणायचंच नाही.

चेंडूच्या अगदी जवळ असलं म्हणजे दिसतं, असा एक भाबडा समज आहे. अमेरिकन लीगच्या २००९ च्या बाद फेरीत, न्यूयॉर्कमध्ये, यांकीज आणि मिनेसोटाचा सामना अकराव्या डावात गेला होता. बाद फेरीत चारांऐवजी सहा पंच असतात, दोघं खास आउटफील्डच्या रेघांसाठी. जो मॉवरने डाव्या रेघेकडे चेंडू मारला. तो क्षेत्ररक्षकाच्या ग्लव्हला लागला आणि मग रेघेच्या चांगला आत पडला. म्हणजे दोन कारणांनी फेअर. तिथला पंच थोड्याच पावलांवर होता, त्याने फाऊल दिला. मॉवरने त्यानंतर बेस मिळवला, तरी मिनेसोटाला त्या डावात धाव काढता आली नाही आणि यांकीजनी डावाच्या दुसऱ्या अर्ध्यात होमरन मारून, म्हणजे चेंडू कुंपणापार टोलवून सामना संपवला. टीव्हीवर ते बघताना मी लोकांसारखी हसू शकले नाही. एरवी हा पंच बेसमागे उभा राहून रेघेच्या टोकाकडे बघतो. तिथे त्याला रेघेच्या मध्यावर, क्षेत्ररक्षकाच्या अंगावरून आणि स्वतः हलत असताना बघायचं होतं. चालत्या डोळ्याला रेघही हलताना दिसते. मी नवख्यांना सांगते, चार पावलं कमी पळा, पण चेंडू पडायच्या आधी थांबा.

त्या वेळी चित्रफीत बघून निकाल तपासायची सोय होती ती फक्त होमरनसाठी. २००८ च्या ऑगस्टअखेर ती सुरू झाली, आणि पहिल्यांदा वापरली गेली ती फेअर-फाऊलसाठीच. ३ सप्टेंबरला टँपाजवळच्या मैदानात अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझने मारलेला चेंडू खांबाच्या वरून गेला. तो खांबाच्या आतून की बाहेरून, हा प्रश्न. होमरन कायम राहिला. २०१४ पासून बाकीचेही बरेच निकाल तपासता येतात, न्यूयॉर्कमधल्या खोलीत बसलेले पंच पडदे बघून सांगतात. पण फेअर-फाऊलच्या बाबतीत एक मर्यादा ठेवली आहे. बेसजवळच्या पंचाच्या पुढे पडलेलाच चेंडू तपासायचा, अलीकडचा नाही. मला ही अट शहाणपणाची वाटते. अलीकडे निकाल एका जागेवर नसतोच, तो चेंडूबरोबर सरकत असतो.

खांबांचं एक दृश्य अमेरिकेत घरोघरी माहीत आहे. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, बॉस्टनचं फेनवे पार्क, बारावा डाव. कार्लटन फिस्कने मारलेला चेंडू डाव्या खांबाच्या दिशेने वळत निघाला आणि तो पहिल्या बेसकडे उड्या मारत, दोन्ही हातांनी चेंडूला आत ढकलू लागला. चेंडू खांबाला लागला. होमरन. पुढचा सामना आणि सिरीज सिनसिनाटीने जिंकली, पण बॉस्टनने २००५ मध्ये त्या खांबाला फिस्कचं नाव दिलं. आमच्या मैदानांवर खांब म्हणजे कुंपणाला बांधलेला प्लॅस्टिकचा पिवळा पाइप, तो माणसाच्या दुप्पटही उंच नसतो. चेंडू त्याच्या बराच वरून गेला तर पाइप मनातल्या मनात आभाळापर्यंत वाढवायचा आणि चेंडू कुठल्या अंगाने गेला ते बघायचं. कुंपणापलीकडे तो कुठे पडला, झाडीत की कुणाच्या गाडीवर, याच्याशी संबंध नाही. गाडीवाल्याचा असतो.

बाई पंच म्हणून काही वेगळं वाटतं का, असं मला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हमखास विचारतात. पूर्वी मी बर्निस गेराची गोष्ट सांगायचे. बरीच वर्षं कोर्टात भांडून तिने व्यावसायिक सामन्यात पंच व्हायचा हक्क मिळवला, २४ जून १९७२ ला न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावी उभी राहिली आणि त्या एकाच सामन्यानंतर तिने काम सोडलं. आता दुसरी गोष्ट सांगता येते. ९ ऑगस्ट २०२५ ला अटलांटात जेन पॉवल मेजर लीगच्या नियमित सामन्यात उभी राहिलेली पहिली बाई ठरली. ती आमच्या न्यू जर्सीची. त्या दिवशी दोन सामने होते. पहिल्यात ती पहिल्या बेसवर, दुसऱ्यात तिसऱ्यावर. म्हणजे एका दिवसात दोन्ही रेघा तिच्या वाट्याला आल्या. आमच्या पंचांच्या गटात त्या रात्री फोनवर निरोपांचा पाऊस पडत होता. त्यात निम्मी चर्चा, ती रेघेपासून किती अंतरावर उभी राहते यावर.

हल्ली मार्चमध्ये त्या जिममध्ये मी शिकवायला असते. तेरा-चौदा वर्षांची मुलं-मुली येतात, सात-आठ वर्षांच्या पोरांच्या सामन्यांसाठी. थोडा पॉकेटमनी मिळतो. मी जमिनीवर चिकटपट्टीची रेघ मारते आणि तिच्यावरून चेंडू हळू सोडते. अट एकच, तो थांबेपर्यंत किंवा कुणी हात लावेपर्यंत आवाज नाही. सुरुवातीला कुणालाच जमत नाही. चेंडू पट्टीबाहेर झुकला की हात आपोआप वर जातात, तोंडं उघडतात. काही जण स्वतःचे हात पाठीमागे घट्ट धरून ठेवतात. मग मी पट्टीखाली आधीच सरकवून ठेवलेल्या पेन्सिलीला चेंडू लागतो आणि आत येतो, आणि सगळे माझ्यावर चिडतात.

या वर्षी त्यांच्यात एक चौकस पोरगा होता. प्रत्येक नियमाला त्याचा फाटा. चेंडू हळू चाललाय आणि मध्येच कुत्र्याने उचलला तर? उद्यानांतल्या मैदानांवर हे अशक्य नाही, म्हणून मी गंभीरपणे म्हटलं, उचलला तेव्हा चेंडू कुठे होता ते बघायचं.

"आणि कुत्रा रेघेच्या बाहेर उभा राहून मान आत घालून उचलत असेल तर?"

"अरे, कुत्र्याचे पाय कशाला मोजतोस? चेंडू बघ."

"पण मॅडम, चेंडू त्याच्या तोंडात असेल."